‘मोफत’ आणि ‘मुक्त’ : महाविद्यालयीन अध्यापकाच्या संगणकीय स्थलांतराची एक चिकित्सा

सारांश : एका ऑपरेटिंग सिस्टिमकडून दुसरीकडे जाणे ही केवळ तांत्रिक घटना नसून तिच्याशी ज्ञानव्यवहाराचे आणि भाषाव्यवहाराचे प्रश्न निगडित असतात. महाविद्यालयीन अध्यापक विंडोजकडून लिनक्सकडे वळताना मुक्त सॉफ्टवेअरचा विचार बहुधा ‘मोफत पर्याय’ म्हणून करतो. ही दृष्टी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मजकुराची वाचनीयता, अभ्यासविषयातील उपयुक्तता आणि मराठीची अवस्था या तीन निकषांवर येथे मुक्त सॉफ्टवेअरचे मूल्यमापन केले असून त्याच्या उणिवांचीही नोंद घेतली आहे.

बीजसंज्ञा : मुक्त सॉफ्टवेअर, लिनक्स, युनिकोड, मराठी फॉन्ट, लिब्रे ऑफिस, संशोधनसाधने.

प्रस्तावना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार थांबवला. मर्यादित काळाची विस्तारित सुरक्षा-सेवा वगळता या प्रणालीला आता नवी दुरुस्ती मिळणार नाही. विंडोज ११ साठी कंपनीने घातलेल्या अटी जुन्या संगणकांपैकी अनेकांना पूर्ण करता येत नाहीत. परिणामी, यंत्र धडधाकट आहे पण त्यावरील प्रणाली कालबाह्य ठरली आहे, अशी परिस्थिती अनेक महाविद्यालयांच्या संगणक-प्रयोगशाळांत आणि विभागांत निर्माण झाली. असे पूर्वीही घडले आहे. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीचा आणि १४ जानेवारी २०२० रोजी विंडोज ७ चा आधार असाच संपुष्टात आला होता. प्रत्येक वेळी अध्यापकांसमोर नवा संगणक घेणे, जुनी प्रणाली धोका पत्करून चालवणे किंवा दुसऱ्या प्रणालीकडे वळणे, असे तीन मार्ग उरतात.

यांतील तिसऱ्या मार्गाविषयी मराठीत जे लेखन होते, ते बहुतांशी माहितीपर असते. ‘वर्डऐवजी रायटर, एक्सेलऐवजी कॅल्क, फोटोशॉपऐवजी गिम्प’ अशा समीकरणांच्या याद्या त्यात असतात. अशा याद्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासून पाहिले पाहिजे. मूळ वस्तू एकच, ती विकत मिळते, आणि तिची एक फुकट प्रतिकृतीही मिळते, हे ते गृहीतक होय. एकदा ते मान्य केले की तुलना अपरिहार्यपणे ‘हुबेहूब आहे की नाही’ या एकाच प्रश्नावर येऊन थांबते. प्रतिकृती म्हणून पाहिलेली कोणतीही गोष्ट मूळ वस्तूपुढे कमीच पडते. म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची परीक्षा त्याच्या स्वतःच्या प्रतिज्ञेवर आणि आपल्या गरजांवर व्हावयास हवी. तशी परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ : संज्ञाविचार

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. या चळवळीने मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या चार स्वातंत्र्यांच्या आधारे केली आहे. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूसाठी चालवणे, ते कसे चालते याचा अभ्यास करून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि आपण सुधारलेली आवृत्ती वितरित करणे, ही ती चार स्वातंत्र्ये होत. बदल करावयाचा तर सोर्स कोड हाती असणे ही पूर्वअट ठरते. या व्याख्येत किमतीचा उल्लेख कोठेही नाही. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकता येते. याउलट, एखादे सॉफ्टवेअर फुकट मिळत असूनही त्याचा सोर्स कोड बंद असू शकतो.

इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द किंमत आणि स्वातंत्र्य या दोन्ही अर्थांनी वापरला जात असल्याने तेथे घोटाळा होतो. तो टाळण्याच्या हेतूनेही १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा पुढे आली. मराठीला मात्र ही अडचण मुळातच नाही. आपल्याकडे ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. ‘मोफत’मध्ये देणाऱ्याचे औदार्य अभिप्रेत आहे, तर ‘मुक्त’मध्ये घेणाऱ्याचा अधिकार. असे असूनही आपले अध्यापक, आपली परिपत्रके आणि आपली नियतकालिके हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. भाषेने जो भेद आयता हाती दिला आहे तो आपण पुसून टाकतो, ही गोष्ट भाषेच्या अध्यापकाने तरी गांभीर्याने घ्यावी.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे मुक्तछंदाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुक्तछंद म्हणजे शिस्तीचा अभाव नव्हे. बाहेरून लादलेले वृत्त सोडल्यानंतर लयीची जबाबदारी कवीवर येते. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. विक्रेत्याने ठरवलेली चाकोरी सुटते, तेव्हा निवड, शिक्षण आणि देखभाल यांची जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. ही जबाबदारी नको असेल तर ‘मुक्त’ या शब्दाचा मोह टाळावा. ती घ्यावयाची असेल तर तिचा मोबदला काय मिळतो, हे पाहिले पाहिजे.

या संदर्भात आणखी एका विसंगतीची नोंद करणे आवश्यक वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य-प्रतिबंधाविषयी विनियम केले. त्यांच्या आधारे आपण विद्यार्थ्यांच्या प्रबंधातील साम्याची टक्केवारी मोजतो. मात्र ज्या संगणकावर ती मोजली जाते त्यावरील सॉफ्टवेअरचा परवाना आहे की नाही, हा प्रश्न विचारला जात नाही. दुसऱ्याचे वाक्य परवानगीविना घेणे गैर आणि दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरची प्रत परवानगीविना वापरणे ‘व्यवहार्य’, ही दुहेरी नीती टिकणारी नाही. बेकायदा प्रत हीही एका अर्थी ‘मोफत’च असते. ती ‘मुक्त’ मात्र कधीच नसते. वरील दोन शब्दांतील अंतर याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण सापडणे कठीण आहे.

२. पहिला निकष : मजकूर कोणाच्या हाती?

प्रणाली बदलताना सर्वांत मोठा धक्का बसतो तो जुना मजकूर उघडताना. प्रस्तुत लेखकाचा एम.फिल. पदवीचा लघुप्रबंध ज्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित झाला होता, तो फॉन्ट नव्या प्रणालीवर उपलब्ध नव्हता. लघुप्रबंधाची फाइल सुरळीत उघडली, परंतु पडद्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसली. मराठीच्या जवळपास प्रत्येक अध्यापकाच्या संग्रहात अशा फाइली आहेत, म्हणून या अनुभवाचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणक अक्षरे साठवीत नाही, तो संकेतांक साठवतो. जुन्या मराठी फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असत. अर्धा ‘क’ एका रोमन अक्षराच्या जागी, काना दुसऱ्याच्या जागी, वेलांटी तिसऱ्याच्या जागी. फाइलमध्ये प्रत्यक्ष साठवली जात ती रोमन अक्षरेच. फॉन्ट हा त्यांवर चढवलेला मुखवटा होता. शिवाय प्रत्येक फॉन्ट-कुलाची वाटणी निराळी. त्यामुळे एका कंपनीच्या फॉन्टमधील मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे. असा मजकूर शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही, त्याचे शुद्धलेखन तपासता येत नाही. संगणकाच्या दृष्टीने तो मराठी नसतोच.

हा दोष तंत्रज्ञानाच्या अभावामुळे निर्माण झाला असे म्हणता येत नाही. आयआयटी कानपूर येथे विकसित होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान उपलब्ध होते. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांचे संकेतमानक स्वीकारले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची १२८ स्थानांची मांडणी इस्कीच्याच आधारे झाली. विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकावर देवनागरी युनिकोडची सोय आली. तरीही छपाईच्या व्यवसायाने, टंकलेखन केंद्रांनी आणि त्यांच्या मागोमाग आपल्या शैक्षणिक नियतकालिकांनी जुने फॉन्ट दीर्घकाळ धरून ठेवले. ‘लेख अमुक फॉन्टमध्ये, अमुक आकारात टंकलिखित करून पाठवावा’ ही सूचना आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. कारण सरळ होते. पेजमेकरसारख्या मांडणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी मानवत नसे, आणि मुद्रकाची सारी घडी त्याच सॉफ्टवेअरवर बसलेली होती. मुद्रकाची सोय हाच अशा रीतीने लेखकाचा नियम बनला.

युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला स्वतःचा संकेतांक आहे आणि मजकूर उच्चारक्रमाने साठवला जातो. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसली तरी साठवणीत ‘क’ आधी आणि ‘इ’कार नंतर असतो. जुन्या फॉन्टांत ती दृश्यक्रमाने, म्हणजे आधी साठवलेली असते. म्हणून रूपांतर करताना केवळ चिन्हांची अदलाबदल करून भागत नाही. वेलांटी आणि रफार यांच्या जागाही हलवाव्या लागतात. प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा तक्ता लागतो आणि रूपांतरानंतरचे मुद्रितशोधन चुकत नाही.

लिनक्सने हा प्रश्न निर्माण केलेला नाही, त्याने तो केवळ उघड केला, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. जुन्या प्रणालीवर फॉन्टचा मुखवटा टिकून होता, म्हणून आपला मजकूर सुरक्षित आहे असा आभास होता. स्थलांतराने तो दूर झाला, एवढेच.

फाइलच्या स्वरूपाचा प्रश्नही याच निकषात येतो. लिब्रे ऑफिसचे मूळ स्वरूप असलेले ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट २००५ मध्ये ओएसिस संस्थेचे आणि २००६ मध्ये आयएसओचे मानक झाले. त्याचे तपशील प्रसिद्ध असल्याने ते वाचणारे सॉफ्टवेअर कोणालाही लिहिता येते. याचे महत्त्व लिब्रे ऑफिसच्या स्वतःच्या इतिहासावरूनच लक्षात येते. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये स्टार डिव्हिजन ही जर्मन कंपनी घेतली आणि २००० मध्ये तिच्या ऑफिस-संचाचा सोर्स कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस उभे राहिले. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर या प्रकल्पातील अनेकांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापून लिब्रे ऑफिस या नावाने काम पुढे चालू ठेवले. मालक बदलला, नाव बदलले, पण वापरणाऱ्यांच्या फाइली जशाच्या तशा उघडत राहिल्या. ‘मुक्त’ या शब्दाचा व्यावहारिक अर्थ हाच होय. या निकषावर मुक्त सॉफ्टवेअर निःसंशय उत्तीर्ण होते.

३. दुसरा निकष : अभ्यासविषयातील उपयुक्तता

‘कशाऐवजी काय’ या प्रश्नाऐवजी ‘मला कोणते काम करावयाचे आहे’ हा प्रश्न विचारला, तर मुक्त सॉफ्टवेअरचे चित्र पूर्णपणे बदलते. महाविद्यालयातील निरनिराळ्या विभागांचा विचार करून पाहू.

संशोधन करणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला संदर्भांची व्यवस्था लावावी लागते. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातून २००६ मध्ये पुढे आलेले झोटेरो हे यासाठीचे मुक्त साधन आहे. त्याच कामासाठी अनेक जण वापरीत असलेले मेंडेली हेही मोफत मिळते, पण ते मुक्त नाही, आणि २०१३ मध्ये ते एल्सेव्हिअर या प्रकाशन संस्थेने विकत घेतले. किमतीच्या रकान्यात दोघांपुढेही शून्यच लिहिले जाईल. परंतु आपल्या अनेक वर्षांच्या टिपणांचे भवितव्य कोणाच्या व्यापारी निर्णयावर अवलंबून असेल, या रकान्यात ही दोन साधने एकसारखी राहत नाहीत. झोटेरोची मर्यादाही सांगितली पाहिजे. एका लेखाला एकाच भाषेची साचेबद्ध रचना लागू होत असल्याने मराठी आणि इंग्रजी संदर्भ एकत्र असलेल्या सूचीत ‘आणि इतर’, ‘संपादक’, ‘पृष्ठ’ यांसारख्या शब्दांची दुरुस्ती हाताने करावी लागते. मराठीतून संशोधन करणाऱ्यांच्या सूची बहुधा मिश्रच असतात, म्हणून ही उणीव लहान समजता येणार नाही.

वाणिज्य, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांत संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी एसपीएसएसचे नाव रूढ आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी सुरू केलेली ‘आर’ ही संगणकभाषा १९९५ पासून ग्नू परवान्याखाली उपलब्ध असून तिची पहिली स्थिर आवृत्ती २००० मध्ये आली. ‘आर’ शिकण्यास कठीण आहे, कारण तिच्यात मेनूवर टिचकी मारण्याऐवजी आज्ञा लिहाव्या लागतात. परंतु लिहिलेल्या आज्ञा जपून ठेवता येतात आणि परीक्षकाला त्या जशाच्या तशा चालवून निष्कर्ष पडताळता येतो. संशोधनाच्या दृष्टीने या गैरसोयीचेच गुणात रूपांतर होते.

भूगोल विभागासाठी २००२ मध्ये सुरू झालेले क्यूजीआयएस हे नकाशे आणि स्थानिक माहितीच्या विश्लेषणाचे समर्थ साधन आहे. ग्रंथालयासाठी न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या गरजेतून निर्माण होऊन २००० मध्ये कार्यान्वित झालेले कोहा भारतातील अनेक महाविद्यालयांनी स्वीकारले आहे. अध्यापनासाठी मूडल आहे. खुद्द महाविद्यालयीन नियतकालिकांचे संपादन, परीक्षण आणि प्रकाशन करण्यासाठी कॅनडातील पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने विकसित केलेले ओपन जर्नल सिस्टिम्स आहे. यांतील बरीचशी साधने विंडोजवरही चालतात, ही बाब महत्त्वाची आहे. साधनांचे स्थलांतर आधी आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे नंतर, हा क्रम त्यामुळे शक्य होतो. तो अधिक शहाणपणाचाही आहे. विंडोजवर असतानाच लिब्रे ऑफिस, फायरफॉक्स आणि झोटेरो यांची सवय झालेल्या अध्यापकाला लिनक्स परके वाटत नाही.

मराठीच्या अभ्यासकासाठी टेसरॅक्टचा विशेष उल्लेख करावा लागेल. छापील पानाच्या प्रतिमेतून मजकूर वेगळा काढणारे हे साधन एचपी कंपनीत तयार झाले, २००५ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कच्या पद्धतीने अक्षरे ओळखू लागले. त्यात मराठीची स्वतंत्र सोय आहे. चांगल्या छपाईचे पान असेल तर उपयुक्त मसुदा मिळतो. जुनी शिळाछाप, फिकट शाई किंवा तुटलेले खिळे असतील तर मुद्रितशोधनाचे श्रम बरेच वाढतात. तरीही लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे उलटून स्वामित्वहक्कातून मोकळ्या झालेल्या मराठी ग्रंथांचा शोधता येण्याजोगा संग्रह एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला आता उभारता येतो. अशा संग्रहाविना शब्दवापराचा, वाक्प्रचारांचा अथवा शैलीचा अभ्यास स्मरणशक्तीवरच विसंबून राहतो.

४. तिसरा निकष : मराठीची अवस्था

या निकषावर मात्र संमिश्र निकाल द्यावा लागतो. जमेची बाजू अशी की लिनक्समध्ये देवनागरी युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक वेगळे पैसे न देता वापरता येतो. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट, मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट, यांसारखे सुबक आणि मुक्त परवान्याचे फॉन्ट उपलब्ध आहेत. सी-डॅकने २००७ पासून भारतीय भाषांची सोय असलेले ‘बॉस’ हे लिनक्स-वितरण दिले आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिब्रे ऑफिससह अनेक साधनांचे दृक्श्राव्य पाठ मराठी निवेदनासह मिळतात. अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी इतकी आयती सामग्री अन्यत्र सापडणे दुर्मीळ आहे.

उणिवा तितक्याच ठळक आहेत. मराठीचा स्वतःचा ‘ॲ’ हा वर्ण युनिकोडमध्ये आला तो २००८ मध्ये. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयीचा निर्णय २००९ मध्ये काढला. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे आहेत. ते फॉन्टमध्ये असले तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवल्याशिवाय अनेकदा दिसत नाहीत. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील भेद जपण्यासाठी ‘ऱ’ कसा टंकित करावयाचा, हे माहीत असावे लागते. ही माहिती कोणत्याही मेनूत आपोआप समोर येत नाही.

शुद्धलेखन-तपासणीची उणीव अधिक खोल आहे. लिब्रे ऑफिस आणि फायरफॉक्स यांत वापरले जाणारे हनस्पेल हे साधन मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिले गेले. मूळ शब्दाला प्रत्ययांच्या साखळ्या लागण्याची सोय त्यात आहे. सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यय आणि ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ यांसारखी जोड यांनी घडणाऱ्या मराठी शब्दाला ही रचना अनुकूल आहे. ‘घर’पासून ‘घरासमोरच्यांनासुद्धा’पर्यंतचा प्रवास नियमांत बसवता येतो. मात्र हे नियम लिहिणार कोण? साधन मुक्त आहे, शब्दसंग्रहाची फाइल कोणालाही उघडून सुधारता येते. तेथे प्रोग्रॅमरपेक्षा व्याकरणाच्या अभ्यासकाची गरज अधिक आहे. मराठी विभागांतून दरवर्षी व्याकरणावर प्रबंध लिहिले जातात. त्यांतील ज्ञान या फाइलीपर्यंत पोचत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमधील मराठी दुबळी आहे अशी तक्रार करताना तिचा काही भाग आपल्याच दाराशी येऊन थांबतो.

परिभाषेबाबतही असेच म्हणता येईल. ‘फाइल’साठी मराठी संगणकीय लेखनात कोठे ‘फाइल’, कोठे ‘धारिका’, तर कोठे ‘संचिका’ आढळते. स्वयंसेवकांनी निरनिराळ्या काळी केलेल्या भाषांतरांत एकवाक्यता नसणे समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे मराठी मेनू निवडणारा वापरकर्ता गोंधळतो आणि पुन्हा इंग्रजीकडे वळतो. मग मराठी मेनू कोणी वापरीत नाही म्हणून त्यांच्या सुधारणेची निकड कोणाला भासत नाही. हे दुष्टचक्र भेदण्यासाठी परिभाषा बोजड नसावी आणि एकदा स्वीकारलेला शब्द सर्वत्र तोच राहावा, ही दोन पथ्ये पाळावी लागतील. ‘फाइल’ मराठीत रुळली असेल तर तिला हुसकावून लावण्यात भाषेचे हित नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

५. प्रतिवाद आणि त्याची तपासणी

मुक्त सॉफ्टवेअरविरुद्धचा सर्वांत सबळ युक्तिवाद असा की मोठ्या संस्थांनीही हा प्रयोग करून माघार घेतली आहे. जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेने २००३ मध्ये तत्त्वतः निर्णय घेऊन सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेण्याची योजना आखली. २०१३ मध्ये ती पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. हे उदाहरण नाकारता येत नाही. त्यातून निघणारा बोध असा की तांत्रिक यश मिळाले तरी बाहेरच्या जगाशी होणारा कागदपत्रांचा व्यवहार आणि संस्थेचे सातत्यपूर्ण पाठबळ यांवर अशा स्थलांतराचे आयुष्य अवलंबून असते.

याउलट केरळचे उदाहरण आहे. तेथे २००१ मध्ये सुरू झालेला ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प पुढे मुक्त सॉफ्टवेअरवर आधारला गेला, आणि २०१७ पासून ‘काइट’ या संस्थेद्वारे ते काम चालू आहे. शाळांसाठी लिनक्सचे स्वतःचे वितरण, मल्याळममधील पाठ्यपुस्तके आणि शिक्षकांचे सलग प्रशिक्षण या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या. केरळने केवळ सॉफ्टवेअर उतरवून घेतले नाही. ते शिकवणारी माणसे त्याने तयार केली. भारत सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. धोरणाचा कागद आणि प्रशिक्षित शिक्षक यांतील अंतर किती असते, हे मात्र आपण सर्वजण जाणतो.

आपल्या महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर काही अडचणी मान्य केल्याच पाहिजेत. कार्यालयातील लेखापालनाचे सॉफ्टवेअर अनेकदा केवळ विंडोजवर चालते. वर्डमधील गुंतागुंतीचे तक्ते लिब्रे ऑफिसमध्ये उघडताना मांडणी हलते, आणि वरून येणारे विहित नमुने बहुधा त्याच स्वरूपात असतात. पुस्तकाच्या मांडणीसाठीच्या स्क्रायबसमध्ये देवनागरी जोडाक्षरांची नीट सोय १.५ मालिकेपासूनच आली. जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बोटे बसलेल्या सहकाऱ्यांना इनस्क्रिप्ट शिकणे कष्टाचे जाते. म्हणून सर्व संगणक एका दिवसात बदलण्याचा आग्रह अव्यवहार्य ठरेल. कार्यालयाची गरज आणि विभागाची गरज वेगळी मानली, तर दोन्ही प्रणाली एकाच महाविद्यालयात नांदू शकतात.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मुक्त सॉफ्टवेअरचे मूल्य वाचलेल्या पैशांत मोजणे हे त्याचे अवमूल्यन आहे. मजकुरावरील आणि साधनांवरील अधिकार हे त्याचे खरे मूल्य होय. दोन, मजकुराच्या वाचनीयतेच्या निकषावर ते सरस ठरते, अभ्यासविषयातील उपयुक्ततेच्या निकषावर ते समर्थ आहे, आणि मराठीच्या निकषावर ते अपुरे आहे. तीन, हे अपुरेपण दूर करण्याची वाट मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मोकळी असते. बंद सॉफ्टवेअरमध्ये ती विक्रेत्याच्या मर्जीवर असते.

यातून तीन व्यवहार्य गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. महाविद्यालयीन नियतकालिकांनी विशिष्ट जुन्या फॉन्टचा आग्रह सोडून युनिकोडमधील लेखच स्वीकारावेत. प्रत्येक मराठी विभागाने आपल्याकडील जुन्या फॉन्टमधील प्रबंध, स्मरणिका आणि अंक, मूळ फॉन्ट हाताशी आहेत तोवर, युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. पदव्युत्तर स्तरावरील व्याकरणाच्या प्रकल्पांपैकी काही शुद्धलेखन-तपासणीच्या मुक्त शब्दसंग्रहाच्या सुधारणेसाठी योजावेत. यांतील कोणत्याही गोष्टीसाठी संगणक बदलावा लागत नाही की अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

दुसऱ्या सूचनेला मात्र काळाची मर्यादा आहे. जुने फॉन्ट ज्या संगणकांवर बसवलेले आहेत, ते एकेक करून भंगारात जात आहेत. शेवटचा असा संगणक गेल्यानंतर त्या फाइली उरतील, पण त्यांतील मराठी वाचण्याचे साधे साधन उरणार नाही.